दोन चिपांचा कौल

आई गेल्यावर तेराव्यापर्यंत आमच्या घरात पांढरं वरण खाल्लं गेलं. सुतकात फोडणी नाही आणि हळदही नाही, म्हणून भावकीतल्या बायका पातेल्यातून जे आणून देत ते असंच, नुसतं तुरीचं घट्ट वरण, मिठाचा खडा आणि भाकरी. गंमत अशी की गाव त्या दिवसांत हळदीनं नुसतं भरून गेलेलं असतं. माघ-फाल्गुनात कुरुंद्याच्या बाजूला कुठंही जा, हळद शिजवण्याच्या कढयांची वाफ अंगावर येते, बायकांची नखं पिवळी, कुत्र्यांची पाठ पिवळी, आणि वाळलेली हळद घासायचा तो लोखंडी ड्रम सकाळी सुरू झाला की दिवस मावळेपर्यंत खडखड करत फिरत राहतो. फक्त आमच्या ताटात हळद नव्हती. मी ते वरण खात होते, पाणी पीत होते, ताट उचलून मोरीत ठेवत होते. कुणी विचारलं असतं काय जेवलीस, तर सांगता आलं नसतं. ड्रमचा आवाज मात्र ऐकू यायचा आणि तो संध्याकाळी थांबला की मला चुकल्यासारखं व्हायचं, एवढं एकच काहीतरी व्हायचं.

मी रडले नाही. हे मी आता फुशारकीनं सांगत नाही आणि लाजेनंही नाही. नांदेडच्या हॉस्टेलवर निरोप आला, एसटीत बसले, घरी पोचले तेव्हा अंगणात माणसं बसलेली, आणि माझ्या आत काहीतरी बंद झालं ते बंदच राहिलं. बायका माझ्या गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. "पोरगी दगड झाली," असं एकीनं माझ्यासमोरच म्हटलं. मला त्याचा राग यायला हवा होता.

आमचं घर गुरवाचं. देवीचं ठाणं घराला लागूनच, मधे एक चिंचेचं झाड आणि दोन पायऱ्या. देवी म्हणजे शेंदूर चढत चढत गुडघ्याएवढा झालेला तांदळा, नुसता गोल दगड, त्याला चांदीचे डोळे. बापू, माझे वडील, सकाळी पूजा करत, आणि गावाला काही सुचेनासं झालं की कौल लावत. कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. कुणाचं लग्न, कुणाची बोअर, कुणाचा बैल. बापूंचा हात हलका होता, लोक हट्टा गावाहूनही येत. कौलाचा कायदा मात्र कडक. एकदा लावला की पाकळी पडेपर्यंत त्या कामाला हात घालायचा नाही, आणि पाकळीला तर कुणीच हात लावायचा नाही, गुरवानंसुद्धा नाही. कधी चहा होईपर्यंत पडायची, कधी अर्धा दिवस घ्यायची. मी लहान असताना पायरीवर बसून पैजा लावायची, आणि आई मला आतून ओरडायची.

आईचं पोट दुखायला लागलं तेव्हा गावातल्या डॉक्टरनं नांदेडला न्या म्हणून सांगितलं. जीप दारात आली. बापूंनी कौल लावला. न्यावं तर उजवी, न न्यावं तर डावी. हे मला नंतर काशीआत्यानं सांगितलं, मी तिथं नव्हते. पाकळ्या सकाळी लावल्या त्या दुपार कलली तरी पडेनात. आई बाजेवर, ड्रायव्हर चिंचेखाली, बापू देवीसमोर मांडी घालून बसलेले. मग उजवी पडली. आईला घेऊन जीप निघाली आणि वसमत ओलांडल्यावर थोड्या वेळात आई गेली.

आणि मग लोक भेटायला येऊन बापूंना काय म्हणायचे, तर, "देवीनं बराबर सांगितलं व्हतं, गुरव. न्या म्हून सांगितलं व्हतं की. आपलंच नशीब." समजूत घालायला म्हणायचे. बापू मान हलवायचे. एकजण तर म्हणाला, ह्या देवीचा कौल कधी खोटा पडत न्हाई. बापूंनी त्यालाही पान दिलं. सुतक फिटल्यावर लोक पुन्हा कौलाला यायला लागले तेव्हा बापू म्हणायचे, आज नको, कमर धरली. दुसऱ्याला म्हणायचे, फुलं न्हाईत. कण्हेर दारात लगडलेली असायची. पूजा करायचे, कौलाचं नाव काढलं की उठून आत जायचे. घरात आम्ही दोघं दोन खांबांसारखे राहायचो. कमी बोलायचो असं नाही, भाजी कुठली, दूध आलं का, हे सगळं बोलायचो. त्यात काही नसायचं एवढंच.

सोबतीला काशीआत्या आली होती, बापूंची थोरली बहीण, विधवा, तोंडाची फटकळ आणि हाताची चवदार. तेरावा झाल्यावर पहिली फोडणी तिनंच दिली. लसणाचा वास घरभर झाला, मी ताट बाजूला सारलं, आणि ती म्हणाली, "खा गं सुमे. मेलेल्या माणसाला उपाशी ऱ्हाऊन पोचत न्हाई काही." ती खरंच चांगली बाई होती. हट्ट्याचं एक स्थळही तिनं त्याच आठवड्यात काढलं होतं, कारण तिच्या मते घरात बाई नाही म्हटल्यावर तरण्या पोरीनं एक तर घर धरावं नाही तर सासर, मधे कॉलेज म्हणजे काय. बापू हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "बघा तुमी." खरंच मला काही वाटत नव्हतं. हट्टा काय आणि नांदेड काय.

अशात वंदना आली. वंदना म्हणजे माझी हॉस्टेलातली खोलीसोबतीण, वसमतची, बोलायला लागली की समोरच्याला श्वास घेऊ द्यायची नाही. आम्ही दोघी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्या दिवशी ती आत आली, आईच्या फोटोसमोर उभी राहिली. मग पिशवीतून झेरॉक्सचे दोन गठ्ठे काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवले.

"सरांनी दिलंय. मायक्रोकंट्रोलरचं. ते सोमवारी हैदराबादला चालले पार्ट आणायला. ज्यानं त्यानं आपापली फॅमिली सांगायची, एट्टी-फिफ्टीवन का पिक. जो सांगणार न्हाई त्याला किट न्हाई, किट न्हाई तर प्रॅक्टिकल न्हाई."

"प्रॅक्टिकल न्हाई तर?"

"तर वर्ष गेलं की, सुमन. तुला म्हाईत न्हाई का?" तिनं जाड गठ्ठा वर काढला. "मी तुझ्या नावानं एट्टी-फिफ्टीवन सांगून टाकू का? सगळे तेच घेऊन राहिले."

मी म्हटलं, नको, मी सांगते. का म्हटलं कुणास ठाऊक. त्या दिवसांत मी स्वतःहून म्हटलेलं ते पहिलं "नको" असावं.

आत्याला वाटलं फॅमिली म्हणजे स्थळ. तिला समजावताना वंदनाची तारांबळ उडाली ती मला आजही दिसते. मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाएवढी काळी चिप, तिच्यात एक अख्खा छोटा कॉम्प्युटर, आणि एकाच घराण्यातल्या चिपांची भाषा एक म्हणून त्याला फॅमिली म्हणायचं; एट्टी-फिफ्टीवन आणि पिक ही असली दोन घराणी. असेंब्ली म्हणजे ती भाषा. माणसासारखं गोल बोलायचं नाही, एकेक पाऊल सांगायचं. हा आकडा उचल. तिथं ठेव. त्या पिनेवर वीज आली का बघ. नाही आली तर पुन्हा बघ. आत्या म्हणाली, "म्हंजी सुनंला सांगावं तसं."

आजही मला पोरं फोनवर विचारतात, मॅडम, असेंब्ली शिकायला कुठली फॅमिली चांगली. मी आयुष्यभर हेच शिकवत आले, केस पिकले, तरी हा प्रश्न आला की पटकन उत्तर देत नाही. आता तर चिप बसवलेला बोर्ड कुरिअरनं दारात येतो, एव्हीआर फॅमिलीचा घ्या, आणखी कुठला घ्या, बिघडलं तर प्रोग्रॅम पुसा आणि पुन्हा भरा. काहीही घ्या, पण एक घ्या आणि शेवटपर्यंत न्या, असं मी लिहून पाठवते. हे उत्तर बरोबर आहे आणि अगदीच पोकळ आहे, हे मला माहीत आहे. कारण मी माझी फॅमिली निवडली ती असल्या कुठल्याच विचारानं नाही.

ते दोन गठ्ठे मी दोन दिवस वाचत राहिले. माजघरात खांबाला टेकून बसायची आणि वाचायची. मला ते वाचन फार बरं वाटलं, कारण त्यात कुणालाच काही वाटत नव्हतं. एट्टी-फिफ्टीवनचा गठ्ठा जाड. सूचना भरपूर, गुणाकार-भागाकार तयार, एकेक बिट हाताळायची सोय, पुस्तकं नांदेडात कुठंही मिळत, अडलं तर वर्गातला कुणीही सांगेल. पिकचा गठ्ठा बारका. जेमतेम पस्तीस सूचना, एका बैठकीत पाठ होतील, पण गुणाकारसुद्धा हातानं करायचा, आणि स्मरणाचे कप्पे सारखे बदलत बसायचं, विसरलं की सगळं चुकतं. शहाण्या माणसानं एट्टी-फिफ्टीवन घ्यावं. मला ते दिसत होतं. पण दिसणं आणि ठरवणं यांच्यामधे जो एक धक्का लागतो तो माझ्यात उरला नव्हता. मी पुन्हा पहिल्या पानावरून सुरू करायची. बाहेर ड्रम फिरत असायचा.

सोमवारच्या आदल्या दिवशी सकाळी बापू परडीत फुलं घेऊन पूजेला निघाले. आत्या चुलीपुढं होती. मी खांबापाशी गठ्ठे घेऊन बसले होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "बापू, माझा कौल लावा."

आत्याची भाकरी तव्यावरच राहिली. बापू दारात थांबले.

"कशाचा?" त्यांनी विचारलं. हट्ट्याच्या स्थळाचा, असं त्यांना वाटलं असणार.

"दोन चिपा हायत. कंची घ्यावी ते सांगायचंय उद्या. मला ठरवता येऊन न्हाई राहिलं."

"अगं बया," आत्या म्हणाली, "देवीला मशिनीचं इचारून राहिली? लोक काय म्हणतील?"

बापू माझ्याकडे बघत होते. त्यांनी काहीतरी म्हणून टाळलं असतं, कमर, फुलं, काहीतरी. पण फुलं हातातच होती. "ये," ते म्हणाले.

मी पाठोपाठ गेले. त्यांनी गाभाऱ्यातला पंखा बंद केला, वारा लागू नये म्हणून. तांब्यात हात धुतले. एक कण्हेर घेऊन तिच्या दोन पाकळ्या सोडवल्या, पाण्यात बुडवल्या, आणि मला म्हणाले, "सांग."

"उजवी पडली तर एट्टी-फिफ्टीवन. डावी पडली तर पिक."

त्यांनी देवीला तसंच्या तसं सांगितलं. इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडात नीट बसत नव्हते, पण त्यांनी ते जपून, एकेक करून उच्चारले, जसं कुणाच्या लेकराचं नाव सांगत असावेत. मग पाकळ्या लावल्या. ते मागे सरकले, मांडी घातली, आणि बसले. मी भिंतीला टेकले. आत्या भाकऱ्या उरकून बाहेरच्या पायरीवर येऊन बसली. म्हणजे तिलाही उत्सुकता होतीच.

पाकळ्या पडल्या नाहीत. थोडा वेळ गेला, ड्रम सुरू झाला, उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून आत आली आणि परत गेली. पाकळ्यांच्या कडा वाळून आत वळल्या तरी त्या शेंदराला धरून होत्या. मी पाकळ्यांकडे बघत नव्हतेच. मी बापूंकडे बघत होते. ते उजव्या खांद्याकडे बघायचे. मग डाव्या. मग परत उजव्या. पापणी लवायची तेवढीच. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. त्या दिवशीही ते असेच बसले असणार, ह्याच जागी, अशीच मांडी घालून, आणि आई भिंतीपलीकडं बाजेवर. मला आत्यानं सांगितलं होतं ते मी आता पहिल्यांदा पाहत होते. तोवर मी आत एकच शब्द घेऊन फिरत होते, तो म्हणजे उशीर. त्या उशिराला चेहरा असेल असं माझ्या मनात आलं नव्हतं. तो बापूंचा चेहरा होता. ते क्रूर नव्हते, मूर्ख नव्हते. ते फक्त पुन्हा बघत होते.

पिनेवर वीज आली का बघ. नाही आली तर पुन्हा बघ. हे आमच्या त्या भाषेत अगदी रोजचं आहे, दोन ओळींचं काम. आणि पिनेवर वीज कधी आलीच नाही तर चिप तिथंच बघत बसते, जन्मभर. तिची काही चूक नसते. सांगितलेलं ती तंतोतंत करत असते.

"बापू," मी म्हणाले, "मी पिक घेते."

त्यांनी मान वळवली नाही. "पडली न्हाई अजून."

"न पडू द्या. मी ठरवलं."

"काहून पण?" आता ते वळले. "ती वंदी तर म्हणली, सगळे दुसरी घेऊन राहिले. मग हीच काहून?"

काहून, असं मला त्या साऱ्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी विचारलं होतं जेवलीस का, झोपलीस का, रडत का न्हाई. मी बोलायला लागले तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटला.

"हिच्यात एक घड्याळ असतंय, बापू. आतच, बारकं. सर त्याला राखणदार म्हणतात. चिप कशाची वाट बघत बसली, अन् ते झालंच न्हाई, अन् ती तिथंच अडकून राहिली, तर ते घड्याळ तिला हलवून उठवतंय. म्हणतंय, लई वेळ झाला. पुन्हा पहिल्यापासून चालू कर. आमच्याकडं ती दुसरी चिप हाय, तिच्यात ते न्हाई. ती बसली की बसली."

सरांकडच्या जुन्या एट्टी-फिफ्टीवनपुरतं हे खरं होतं, पुढं त्याही घराण्यात घड्याळ आलं. पण त्या सकाळी माझ्याकडं एवढंच होतं आणि मी ते बोलून बसले. बोलल्यावर कळलं मी काय बोलले ते. मला शब्द परत घ्यावेसे वाटले. बापू माझ्याकडे बघत राहिले. चिडले नाहीत. समजून घेताना त्यांच्या कपाळावर जी आठी यायची ती आली, आणि हळूहळू गेली.

"घड्याळ," ते म्हणाले. "देवाच्या दारात कुठलं आलं घड्याळ."

मग ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, वेळ लावून उठले. देवीपुढं उभे राहिले, आणि त्यांनी हात वर नेला. मला वाटलं नमस्कार करतील. त्यांनी देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी दोन बोटांनी काढली. मग डावीकडची. शेंदराचा बारीक पोपडा निघून पाकळीबरोबर आला. काही झालं नाही. देवीचे चांदीचे डोळे जसे होते तसे होते, बाहेर चिंचेवर साळुंक्या भांडत होत्या, आणि ड्रम फिरत होता. बापू स्वतःच्या हाताकडे बघत उभे राहिले, बोटांना शेंदूर लागलेला.

"एवढंच करायचं व्हतं," ते म्हणाले.

त्यांनी पाकळ्या परडीत टाकल्या.

"एवढंच करायचं व्हतं, सुमन. त्या दिशी."

त्यांचा चेहरा मोडला. मी त्यांच्याजवळ गेले आणि त्यांचं मनगट धरलं. मला अजूनही रडू येत नव्हतं, पण दुखत होतं, सगळीकडं दुखत होतं, हात बधिर झाल्यावर पुन्हा रक्त यायला लागतं तेव्हा दुखतं तसं.

बाहेर पायरीवरून आत्यानं हाक मारली, "आरं, पडला का न्हाई कौल?"

बापूंनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"न्हाई," ते म्हणाले. "म्या काढला."